कण्यातल्या धातूचा तपशील लेखी मिळालाच पाहिजे

वाकडा कणा सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेत मुलांच्या पाठीत बसवलेले स्क्रू आणि रॉड बहुतेकदा जन्मभर तिथेच राहतात. तरीही आमच्या नात्यातल्या मुलीच्या बिलात 'इम्प्लांट' एवढाच शब्द आणि एक ठोक रक्कम होती. धातू कोणता, स्क्रू किती, कंपनी कोणती, याचा पत्ता नाही. खुटबाव, यवत, केडगाव भागातले पालक उसाचे बिल किंवा कर्ज यांतून हा खर्च भागवतात आणि 'इम्पोर्टेड टायटॅनियम आहे' एवढ्या भरवशावर सही करतात.

टायटॅनियमचे फायदे खरे आहेत. नंतर एमआरआय काढावा लागला तर त्यात चित्र कमी बिघडते, निकेलच्या ॲलर्जीचा प्रश्नही सहसा येत नाही. पण स्टील आणि कोबाल्ट-क्रोम त्याच्या जवळपास दुप्पट ताठ असतात. कडक वाक सरळ धरून ठेवायला काही वेळा तोच ताठपणा हवा असतो. त्यामुळे निवड डॉक्टरांनीच करावी, मात्र तिचे कारण शस्त्रक्रियेआधी घरच्यांना सांगावे.

लेखी नोंद पुढच्या उपचारांसाठीही लागते. स्टील आणि टायटॅनियम एकमेकांना जोडले तर गंजण्याचा धोका असतो. दुसरी शस्त्रक्रिया वेगळ्या रुग्णालयात झाली, तर आत काय आहे हे तिथल्या डॉक्टरांना कसे कळणार? 2010 मध्ये सदोष ठरलेले खुब्याचे एक इम्प्लांट जगभरातून परत मागवले गेले, तेव्हा ते बसवलेल्या भारतातल्या बहुसंख्य रुग्णांचा नंतर मागच लागला नाही.

किमतीचेही तसेच. 2017 मध्ये केंद्राने हृदयाच्या स्टेंटला आणि गुडघ्याच्या सांध्याला कमाल किंमत ठरवून दिली. कण्याच्या इम्प्लांटला असे संरक्षण नाही. वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त दरवाढ करता येत नाही, पण मूळ छापील किंमत कंपनीच ठरवते.

राज्य सरकारने 2021 च्या शुश्रूषागृह नियमांतील रुग्णहक्क सनदेत इम्प्लांटचा धातू, कंपनी, लॉट क्रमांक आणि नगवार किंमत लेखी देणे स्पष्ट शब्दांत बंधनकारक करावे. केंद्राने कण्याच्या इम्प्लांटलाही कमाल किंमत लावावी. तोवर पालकांनी खोक्यावरचे स्टिकर मागून घ्यावेत आणि मुलाच्या फाइलला लावून जन्मभर जपावेत.

– एक वाचक, खुटबाव (ता. दौंड, जि. पुणे)