गड पाहावा पायांनी

सुटी म्हणजे केवळ कामापासून सुटका, असे मानणाऱ्याला सुटीचा पुरता लाभ होत नाही. रोजच्या कामात शरीराच्या आणि मनाच्या ज्या शक्ती निजलेल्या असतात, त्या ज्या दिवसांत जाग्या होतात, तीच खरी सुटी होय. या दृष्टीने पाहता सह्याद्रीच्या आसऱ्याने राहणारा माणूस मोठा भाग्यवान. त्याच्या दाराशी डोंगर आहे आणि त्या डोंगराच्या माथ्यावर इतिहास आहे. हे भाग्य त्याने कसे उपभोगावे, एवढाच प्रश्न आहे.

पुष्कळांची सुटी थंड हवेच्या ठिकाणी जाते. महाबळेश्वर हे त्यांपैकी विशेष प्रसिद्ध. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत इंग्रजांनी उन्हाळ्यात राहण्यासाठी तेथे वसाहत उभारली. तेथील गर्द झाडी, गार वारा, स्ट्रॉबेरीचे मळे आणि खोल दऱ्यांची शोभा यांचा आनंद कोणीही खुशाल घ्यावा. परंतु त्याच पठाराच्या कड्यांवरून पश्चिमेकडे दृष्टी टाकली, म्हणजे प्रतापगड दिसतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्याच्या पायथ्याशी शिवाजी महाराज आणि अफजलखान यांची भेट झाली, हे शाळेतील प्रत्येक मुलाला पाठ असते. मात्र जावळीच्या रानातून चार पावले चालल्याखेरीज, खानाची एवढी मोठी फौज तेथे निरुपयोगी कशी ठरली, हे त्याला उमगत नाही. कड्यावरून दिसतो तो देखावा. वाटेवर भेटतो तो इतिहास.

हा भेद पुणे जिल्ह्यातील राजगडावर अधिकच स्पष्ट होतो. रायगडापूर्वीची स्वराज्याची राजधानी ती हीच. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आणि मध्ये उंच बालेकिल्ला, अशी या गडाची ठेवण आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून तयार झाला. थर टणक होता तेथे उभा कडा राहिला. मऊ होता तेथे झीज होऊन उतार झाला. गड बांधणाऱ्यांनी ही रचना अचूक हेरली. कड्याला त्यांनी तटाचे काम दिले आणि कडा जेथे दुबळा होता, तेथे चिरेबंदी तट चढविला. संजीवनी माचीला तर दुहेरी तटबंदी आहे. बाहेरचा तट पडला तरी आतून लढत राहता यावे, अशी ती योजना. पुस्तकातील ही माहिती डोळ्यांखालून सहज निघून जाते. पण दोन तटांमधल्या अरुंद वाटेत शिरलेला विद्यार्थी ती जन्मभर विसरत नाही.

यावर कोणी म्हणेल, सुटीच्या दिवशी एवढे कष्ट कशाला? ज्या रायगडावर ६ जून १६७४ रोजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, त्या गडावर १९९६ पासून रोप-वे आहे. त्याचा पाळणा काही मिनिटांत माणसाला माथ्यावर नेतो. वृद्धांना आणि चालण्याचे सामर्थ्य नसलेल्यांना हे साधन वरदानच आहे. त्याला नावे ठेवणे अनुदारपणाचे होईल. परंतु धडधाकट मुलाने त्यात बसून जाणे म्हणजे ग्रंथाची पाने न वाचता शेवटचे पान उघडणे होय. पायी चढणाऱ्याला वाटेत महादरवाजा भेटतो. दोन प्रचंड बुरुजांच्या आड तो असा दडविला आहे, की अगदी जवळ जाईपर्यंत दृष्टीस पडत नाही. शेकडो पायऱ्या चढून धाप लागलेल्या माणसालाच कळते, की शस्त्रांचा भार घेऊन येणारा शत्रू येथे कोणत्या अवस्थेत पोहोचत असेल.

चढणाऱ्याला तहान लागते आणि मग त्याचे लक्ष पाण्याकडे वळते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, किल्ला बांधण्यापूर्वी पाण्याची सोय पाहावी, असे बजावले आहे. रायगडावरील गंगासागर तलाव आणि गडोगडी खडकात खोदलेली टाकी ही त्या दूरदृष्टीची साक्ष होय. पावसाळ्याच्या चार महिन्यांत साठविलेल्या पाण्यावर पुढचे आठ महिने काढावयाचे, हा हिशेब त्या काळच्या माणसांनी डोंगरमाथ्यावर बसविला होता. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांना त्यापासून आजही शिकण्यासारखे आहे.

२०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांपैकी ११ महाराष्ट्रात असून जिंजी तामिळनाडूत आहे. राजगड, रायगड आणि प्रतापगड हे तिन्ही त्या यादीत आहेत. मानाबरोबर गर्दी येते आणि गर्दीबरोबर काळजी. १८१८ साली इंग्रजांच्या तोफांनी रायगडावर आगीचा डोंब उसळला. त्यातून जे वाचले, ते घरच्याच माणसांच्या हातून नष्ट होऊ नये. बुरुजावर खिळ्याने स्वतःचे नाव कोरणारा आणि टाक्यात प्लास्टिकची बाटली टाकणारा मनुष्य गडावर जाऊनही गडाला पारखाच राहतो. गडावर जाणाऱ्याने आपला कचरा आपल्या पिशवीतून खाली आणावा, मुसळधार पावसात कड्याच्या टोकाशी धिटाई करू नये, गावातला जाणता वाटाड्या बरोबर घ्यावा आणि पायथ्याच्या घरी पिठले-भाकरी खाऊन तिचे मोल आनंदाने द्यावे. त्या गावांचा आणि गडांचा संबंध फार जुना आहे; पाहुण्याने तो दृढ करावा.

सुटी संपते, पायांचा शीण चार दिवसांत उतरतो. परंतु चढताना जे कळले, ते उतरल्यावरही बरोबर राहते. पूर्वजांनी हे गड घामाने उभारले; त्यांची ओळखही थोडा घाम गाळूनच करून घेणे योग्य होय.