गाठीचे पूर्ण नाव विचारा

मानेत, काखेत किंवा जांघेत गाठ आली, सोबत ताप, रात्रीचा घाम आणि वजनात घट असली की आपल्या वस्तीत पहिला शब्द निघतो टीबी. तो अंदाज खुळा नाही. आपल्या देशात गाठीचा टीबी पुष्कळ आढळतो. पण हीच सगळी लक्षणे लिम्फोमात, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरमध्येही असतात. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की गाठ तपासल्याशिवाय नुसत्या अंदाजावर महिनोन्महिने गोळ्या खाऊ नयेत, आणि तपासल्यावर अर्धवट रिपोर्टवर समाधान मानू नये. असे का, ते एका कमी ऐकलेल्या आजारावरून सांगते.

त्याचे नाव ॲनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमा. नाव लांब, पण अर्थ अवघड नाही. लार्ज सेल म्हणजे मोठ्या पेशी आणि ॲनाप्लास्टिक म्हणजे आपले मूळ रूप हरवलेल्या. रोगाशी लढणाऱ्या आपल्या पांढऱ्या पेशींपैकी टी-पेशी इथे बिघडतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे केंद्रक घोड्याच्या नालेसारखे वळलेले दिसते. काही वेळा या पेशी इतक्या बदललेल्या असतात, की दुसऱ्याच अवयवाचा कॅन्सर गाठीत उतरला आहे असे वाटावे. १९८५ साली जर्मनीत हारल्ड स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेशींवरची सीडी-३० ही खूण धरून हा आजार वेगळा ओळखला.

१९९४ मध्ये त्याचे एक मूळ सापडले. पेशीतल्या २ आणि ५ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांना जोडले जातात. त्यामुळे टी-पेशीत एरवी बंद असणारे एएलके नावाचे जनुक कायमचे चालू होते, नळाची चकती झिजल्यावर पाणी वाहत राहावे तसे, आणि पेशी वाढतच राहतात. हा बिघाड त्या एका पेशीत जन्मानंतर होतो. तो आईबापांकडून येत नाही, स्पर्शाने पसरत नाही. करणी, नजर, मागच्या जन्मीचे पाप यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

ज्यांच्या पेशींत एएलके सापडते ते एएलके पॉझिटिव्ह, बाकीचे निगेटिव्ह. ‘पॉझिटिव्ह’ म्हटले की आपल्या छातीत धस्स होते, कारण हा शब्द आपण वाईट बातमीतच ऐकलेला असतो. इथे मात्र उलटे आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत एएलके पॉझिटिव्ह रुग्णांपैकी सुमारे ७० टक्के पाच वर्षांनंतर हयात होते. निगेटिव्ह गटात हे प्रमाण ४९ टक्के होते. पॉझिटिव्ह प्रकार जास्त करून लहान मुले आणि तरुणांत होतो, हेही त्यामागचे एक कारण आहे. पण निगेटिव्ह म्हणजे आशा संपली असेही नाही. फक्त त्वचेपुरता असलेला प्रकार बहुधा निगेटिव्ह असतो आणि तरीही त्यातले बहुसंख्य रुग्ण दीर्घकाळ जगतात. आजार किती पसरला, वय काय, उपचार पूर्ण झाले का, यावरही पुढचे अवलंबून असते.

म्हणून रिपोर्टवर नुसते ‘लिम्फोमा’ किंवा ‘कॅन्सर’ लिहिले असेल तर ते अर्धे नाव आहे. पूर्ण नावासाठी आयएचसी ही रंगतपासणी लागते. सीडी-३० आणि एएलके त्यातूनच कळतात. पूर्ण नावावर औषध ठरते. नेहमीची केमोथेरपी साधारण दर २१ दिवसांनी अशा फेऱ्यांत देतात. लहान मुलांची पद्धत वेगळी असते. सीडी-३० वर नेम धरणारे ब्रेंटुक्सिमॅब आणि एएलके बंद पाडणारे क्रिझोटिनिब ही औषधे आता आहेत, पण महाग आहेत.

घरच्यांनी काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. ‘गाठीला चाकू लावला की कॅन्सर पसरतो’ ही भीती सोडा. लिम्फोमात शक्यतो पूर्ण गाठ काढून तपासणे सर्वांत चांगले, कारण बारीक सुईच्या पाण्यावर नेमका प्रकार कळेलच असे नाही. टीबीचीही शंका असेल तर डॉक्टरांना आधीच विचारा : गाठीचा एक भाग फॉर्मेलिनमध्ये आणि दुसरा टीबीच्या तपासणीसाठी सलाइनमध्ये पाठवणार का? सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये गेला तर टीबीचे जंतू वाढवून पाहता येत नाहीत. तपासणीआधी कोणी स्टेरॉइड देऊ नये. त्याने गाठ तात्पुरती बसते आणि निदान हुकते. मेणाचा ठोकळा, ज्याला ब्लॉक म्हणतात, आणि काचा जपून ठेवा. दुसऱ्या रुग्णालयात त्या मागतात. टीबीच्या गोळ्या सुरू असतील तर मनाने बंद करू नका. मात्र गाठ वाढतच असेल तर पुन्हा तपासणीचा आग्रह धरा. आणि दोन फेऱ्यांत गाठ विरघळली म्हणून केमो सोडू नका.

खर्चाचे काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. तिथल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड घेऊन भेटा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. त्या मागायला लाजू नका.

पण सगळा भार पेशंटवर टाकून चालणार नाही. आयएचसीची चिठ्ठी हातात देऊन ‘बाहेरून करून आणा’ म्हटले की रोजंदारीवरचे कुटुंब तिथेच थांबते. पैसे जमेपर्यंत आठवडे जातात आणि तेवढ्यात आजार पुढे सरकतो. माझी मागणी साधी आहे. ही तपासणी प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मोफत व्हावी, आणि जिथे सोय नसेल तिथून नमुना पाठवण्याची जबाबदारी रुग्णालयाने घ्यावी. महिला मंडळांनी आणि तरुण मंडळांनी हा विषय नगरसेवक-आमदारांपुढे लेखी मांडावा. निवेदनाची पोच घ्यायला विसरू नये.