आजीच्या वहीची नोंद ग्रामपंचायतीत व्हायला हवी

मे महिन्यात आरोंद्याला घर आवरताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत दोन गोष्टी सापडल्या. एक, कव्हर गेलेलं, हळदीचे डाग पडलेलं 'रुचिरा'. दुसरी, शाळेची दोनशे पानी वही. वही आजीची. पण आजीला जेमतेम सहीपुरतं लिहिता यायचं. म्हणजे ती सांगायची आणि आत्या लिहून घ्यायची.

'रुचिरा'ची नवी प्रत उद्या दुकानात मिळेल. वहीची मिळणार नाही. म्हणून हा प्रपंच. पोस्ट लांबली आहे, पण शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी एक काम सांगणार आहे.

वहीत पाककृती म्हणाल तर फार नाहीत. सूचनाच जास्त. नमुन्यादाखल थोड्या देते.

सोलांसाठी भिरंडं पुरती पिकलेलीच घ्यावीत. सालं रसात बुडवून उन्हात, परत रसात, परत उन्हात, असं सहा-सात वेळा. घाई केली तर आषाढात बुरशी धरते.

आगळात मीठ किती? तर तळाला मीठ विरघळायचं थांबेपर्यंत. मीठ शिरोड्याचंच, खडा.

तिरफळाची बी काढून टाकायची, नुसती साल घ्यायची. वाटायची नाही, ठेचून वरून घालायची.

कुळीथ राखेत घोळवून ठेवायचे. फणसाच्या आठळ्या मातीत लोळवून सुकवायच्या, म्हणजे पावसाळाभर पुरतात.

अंगावर पित्त उठलं तर सोलाचं पाणी. टाचेला भेगा पडल्या तर भिरंडेल तेल कोमट करून.

आणि मधल्याच एका पानाच्या कडेला, पेन्सिलीने: 'संप. दादा गावाक इलो. ह्या वर्षी सोलां दुप्पट केली, विकूक.'

बस, एवढंच. तारीख नाही, पण तारखेची गरजही नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. आमच्या कोकणातली किती घरं गिरणीच्या मनीऑर्डरवर चालत होती हे वेगळं सांगायला नको. त्या संपावर पुस्तकं आली, सिनेमे आले, भाषणं तर अजून होतात. पण मनीऑर्डर थांबल्यावर गावातल्या बायकांनी चूल कशी पेटती ठेवली, हे मला त्या एका ओळीत पहिल्यांदा दिसलं. ती ओळ इतिहासाच्या पुस्तकात नव्हती. सोलांच्या पानावर होती.

आता मुद्द्याकडे येते.

जुन्या पाककृतींच्या पुस्तकांकडे आपण 'पदार्थ कसा करायचा' एवढ्याच नजरेने बघतो. पण ती पुस्तकं तेवढ्यासाठी कधीच नव्हती. मराठीत छापील पाकशास्त्र फार जुनं आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ चं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० चं. मग १९४३ साली मुंबईतल्या सारस्वत महिला समाजाची 'रसचंद्रिका' आली. यातली गंमत बघा. चित्रापूर सारस्वतांची घरातली भाषा कोकणी, पण पुस्तक काढलं मराठीत. पुढे त्याचं इंग्रजी भाषांतर आलं, त्याच्या तर उपशीर्षकातच घरगुती उपाय, उपयुक्त सूचना आणि सणवार आहेत. उघड आहे, गाव सोडून मुंबईत बिऱ्हाड थाटलेल्या मुलीजवळ सासू नव्हती, आई नव्हती. ती जागा पुस्तकाने भरून काढायची होती.

पारशी बायकांच्या टाइम अँड टॅलेंट्स क्लबने मुंबईत १९३० च्या दशकात असंच पुस्तक काढलं, समाजकार्याला पैसा उभा करायला. अमेरिकेत तर १८६४ साली, यादवी युद्ध चालू असताना, सैनिकांच्या मदतनिधीसाठी असं पुस्तक विकलं गेलं आणि मग गावोगावच्या चर्चमंडळांनी तो कित्ता गिरवला. म्हणजे ज्या बायकांना मताचा अधिकारही नव्हता, त्या पाककृती गोळा करून इस्पितळं आणि शाळांना पैसे पुरवत होत्या. स्वयंपाकाचं पुस्तक हे त्यांचं सार्वजनिक काम होतं.

आणि १९७० चं 'रुचिरा'. कमलाबाई ओगले यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं. वाटी-चमच्याच्या मापात त्यांनी जे लिहिलं, ते महाराष्ट्रातल्या घराघरात गेलं. लिहायला पदवी लागते असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं.

पण इथेच मला टोचणारी गोष्ट आहे.

या सगळ्या पुस्तकांत आमची आजी कुठे आहे? ज्या समाजात बायका आधी शिकल्या, ज्यांची मंडळं आणि छापखान्यांशी ओळखी होत्या, त्यांची पुस्तकं झाली. रापणीवरून मासळीची पाटी घेऊन चालणारी गाबतीण, भाटात राबणारी कुळवाडीण, मिठागरातली मजूर बाई, गावकुसाबाहेरची बाई, खाडीकाठची मुसलमान आणि ख्रिस्ती घरं, यांच्या चुलीवर काय शिजलं याचं पुस्तक झालं नाही. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या दलितांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली, तेव्हा कुठे अनेकांना कळलं की आपण ज्याला 'मराठी जेवण' म्हणत होतो, त्यात किती लोकांची ताटं धरलेलीच नव्हती. नावातलं ते एक 'अ' अक्षर पुरेसं बोलकं आहे.

आमच्याकडे अजून वेगळीच पंचाईत. 'मालवणी' हा शब्द आता हॉटेलवाल्यांचा झालाय. सुरमई थाळी, कोंबडीवडे, सोलकढी, संपलं मालवणी. त्यात कुळथाची पिठी नाही, उकड्या तांदळाची पेज नाही, काळ्या वाटाण्याचं सांबार असलंच तर कधीमधी. पावसात होड्या बंद असताना सुक्या बांगड्यावर घर कसं चालतं, हे तर नाहीच. थाळीत पदार्थ येतो, बेगमी येत नाही. आणि आमचं खरं ज्ञान बेगमीतच आहे.

कोणी म्हणेल, यात ज्ञान कसलं, बायकांच्या टिपा ह्या. बरं, मग बघू. मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घाल, याचा अर्थ संपृक्त द्रावण कर. एवढ्या खारट रसात आंबवणारे जंतू वाढू शकत नाहीत, म्हणून आगळ वर्षभर टिकतं. राखेचे बारीक कण किड्याच्या अंगावरचं आवरण खरवडतात, त्याच्या अंगातलं पाणी सुकतं आणि तो मरतो, म्हणून कुळथाला कीड लागत नाही. हे कॉलेजात शिकवलं की विज्ञान, आणि आजीने सांगितलं की टीप?

आता हळदीची गोष्ट आठवा. जखमेवर हळद दाबायची हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. १९९५ साली अमेरिकेत त्याचंच पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. ते मूळचे इथलेच, गोव्यातल्या माशेलचे. सीएसआयआरने ते पेटंट आव्हान देऊन १९९७ साली रद्द करून घेतलं. कशाच्या जोरावर? 'आमच्या सगळ्या आज्यांना माहीत आहे' हे सांगून भागलं नाही. लिहिलेले, छापलेले पुरावे द्यावे लागले. जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एका वैद्यकीय नियतकालिकातला लेखसुद्धा.

हळदीला ग्रंथ होते. आमच्या भिरंडेल तेलाच्या, तिरफळाच्या, खाडीकाठच्या पाल्याच्या बारीकसारीक माहितीला कुठला ग्रंथ आहे? सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलंच झालं. फळाला दाखला मिळाला. सोलं करणाऱ्या हाताचा दाखला कोण देणार?

आता दुसरी बाजू. नाहीतर म्हणाल, ही बाई जुनं ते सगळं सोनं म्हणतेय. अजिबात नाही.

त्याच वहीत लिहिलंय की बाळ जन्मलं की पहिला चीक पिळून टाकावा आणि बाळाला मध चाटवावा. बाळंतिणीला पाणी कमी द्यावं, हेही आहे. तिन्ही गोष्टी चूक. पहिला चीक ही बाळाची पहिली लस आहे असं आज डॉक्टर सांगतात. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध दिला तर जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. आणि दूध पाजणाऱ्या बाईला पाणी जास्त लागतं, कमी नाही. वहीच्या त्याच पानावर आत्याने तिच्या त्या एका वाक्यात लिहिलंय, 'धाकटो ऱ्हवलो नाय.' कारण लिहिलेलं नाही. मीही जोडणार नाही. पण ते पान मला पुढे उलटवेना.

म्हणून जुनी वही पूजेला लावायची नसते. ती वाचायची असते, तपासायची असते. ज्या सूचनेपुढे बरोबरची खूण करता येईल तिथे ती करावी, जिथे फुली मारायची तिथे मारावी, आणि दोन्ही का ते लिहावं. हल्ली व्हॉट्सअपवर 'आजीबाईचा बटवा' म्हणून काय वाटेल ते फिरतं, त्यात आजी नसते, बटवाही नसतो. खऱ्या वहीला निदान गाव असतं, बाई असते, आणि चुकलं तर विचारता येईल असं घर असतं.

आता ते काम.

२००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायला हवी. त्या नोंदवहीत गावातली झाडं, मासे, पिकं तर यायचीच, पण त्यांच्याबद्दल गावाला असलेली माहिती आणि त्यांचे उपयोगही यायचे. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घातली की ३१ जानेवारी २०२० पर्यंत हे काम करा, नाहीतर राज्यांना महिन्याला १० लाख रुपये भरावे लागतील. अशी मुदत मानेवर आली की कागद कसे भरले जातात, हे आपण सगळे ओळखून आहोत.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत उठून तीन प्रश्न विचारा. आपल्या गावाची नोंदवही कुठे आहे? ती सगळ्यांसमोर वाचून दाखवाल का? आणि ती भरताना गावातल्या किती म्हाताऱ्या बायकांना विचारलं?

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही तर भांडू नका. काम हातात घ्या. गावोगाव बचतगट आहेत, शाळा आहे, प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्ड करणारा फोन आहे. नववी-दहावीच्या पोरांना दिवाळीच्या सुट्टीत एकेक घर द्या. सगळ्या वाड्यांतली, सगळ्या जातींची, मशिदीजवळची आणि चर्चजवळचीही घरं द्या. सांगणाऱ्या बाईचं नाव तिच्या परवानगीने लिहा. तिच्या शब्दांत लिहा, 'भिरंड' म्हणाली तर 'भिरंड'च. आरोग्य सूचनांवर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांचा शेरा घ्या. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक वाचनालयात.

काही जण म्हणतात, लिहून ठेवलं तर कंपन्या उचलतील. भीती खरी आहे. पण हळदीचा धडा उलटा आहे. जे लिहिलेलं नसतं, ते उचलणं जास्त सोपं. नावानिशी, गावानिशी नोंद असेल तर निदान हक्क सांगायला पाय ठेवायची जागा राहते.

आमच्या तेरेखोल खाडीच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे गोवा. नकाशावर रेघ आहे, कालवणात नाही. दोन्ही काठांवर भिरंडं त्याच उन्हात सुकतात. पण दोन्ही काठांवर ती सुकवणाऱ्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. पूल, बंदर, पर्यटन यांचे प्रकल्प अहवाल होतात. या बायकांना काय येतं याचा अहवाल कोणी मागितलेला नाही.

आजीला मी एकदा विचारलं होतं, तू हे सगळं लिहून का घेतलंस? ती म्हणाली, 'माका लिवक येय नाय म्हणान. येय असता तर लक्षात ठेवलं असतंय.' तेव्हा मी हसले होते. आता कळतं, तिला म्हणायचं होतं की ज्यांना लिहिता येतं ते निर्धास्त असतात, आपलं आपल्याजवळ आहे म्हणून. आणि हळूहळू विसरतात.

तुमच्या घरी अशी वही असेल तर तिचे फोटो काढून ठेवा, आजच. आणि वही नसेल, पण सांगणारी अजून असेल, तर फोन ठेवा आणि तिच्यासमोर जाऊन बसा.