कारखान्याची जागा कोण ठरवतो?

भूमीतून वा जलातून उत्पन्न काढणारा व्यवसाय निसर्ग देईल तेथे राहतो, कारखाना पाणी, कच्चा माल व वाहतूक सुलभ असेल तेथे जातो आणि सेवाव्यवसाय दाट वस्तीत वाढतो, अशी मांडणी आपण शाळेत शिकलो. आणि तिच्याच आधाराने, ठाण्यातील कारखान्यांच्या जागी गृहसंकुले उभी राहिली हा विकासाचा अटळ क्रम होय, असे आता आग्रहाने सांगितले जाते.

या मतातील सत्यांश नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. खाडी नसती तर प्राचीन ग्रीक वृत्तांतात कल्याणचा बंदर म्हणून उल्लेख आला नसता, आणि शिवछत्रपतींची जहाजे येथे बांधली गेली नसती. रेयॉनचा धागा काढण्यास विपुल पाणी लागते, म्हणून सेंच्युरी रेयॉन शहाडला आणि नॅशनल रेयॉन मोहोन्याला, उल्हास नदी व लोहमार्ग या दोहोंच्या सान्निध्यात आले, हेही निर्विवाद आहे.

परंतु ‘पाणी होते म्हणून’ येथे सुरू झालेला युक्तिवाद ‘म्हणून दुसरे काही होणे शक्यच नव्हते’ येथे जाऊन पोहोचतो, तेव्हा तो मला मान्य नाही. ठाण्याची वागळे इस्टेट ही औद्योगिक वसाहत कोणत्या नदीच्या काठी आहे? 1962 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने भूखंड पाडले, रस्ते काढले, तेव्हा ती वसाहत आकारास आली. आणि बारवी धरणाचे पाणी डोंबिवलीच्या कारखान्यांपर्यंत जलवाहिन्यांतून आणले गेले, म्हणजे तेथे कारखाना पाण्याकडे गेला नाही, पाणीच कारखान्याकडे आले.

भिवंडीच्या गोदामांचा दाखला तर याहून बोलका आहे. मुंबईच्या नाक्यावर माल आत येताच जकात भरावी लागे. तेव्हा साठा हद्दीबाहेर ठेवावा आणि खप होईल तसा तो आत न्यावा, हा व्यापाऱ्याचा सरळ हिशेब होता, आणि महामार्गाचे सान्निध्य व स्वस्त जमीन यांची त्यास जोड मिळाली. 2017 साली जकात गेली, गोदामे मात्र राहिली. कारण एकदा मालमोटारी, हमाल आणि अडते एका ठिकाणी जमले की ती जमवाजमवच पुढील गोदामाचे कारण होते.

तेव्हा माझे प्रतिपादन असे की, निसर्ग शक्यता देतो, निवड मात्र कायदा, कर आणि परवाना करतात. कारखान्याच्या जमिनीवर घरे बांधण्याची मुभा मिळाली की त्या जमिनीचे मोल यंत्रांच्या उत्पन्नाहून कित्येक पटींनी वाढते, आणि मग कारखाना चालवणे हाच तोट्याचा व्यवहार ठरतो. यास अटळ क्रम म्हणणे म्हणजे निर्णय घेणाऱ्यास उत्तरदायित्वातून मुक्त करणे होय. डोंबिवलीत रासायनिक कारखाने आणि निवासी इमारती एकमेकांस भिडल्या, त्याही नदीने वा डोंगराने भिडवल्या नाहीत. तेथील कारखान्यांत 26 मे 2016 आणि 23 मे 2024 या दोन दिवशी झालेल्या स्फोटांत जे प्राणास मुकले, त्यांच्या घरच्यांना भूगोलाचा नियम सांगण्याचे धैर्य कोणी करू नये.

1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने विकास आराखड्यावर हरकत घेण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास दिला आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या वाचकांनी पुढचा मसुदा प्रसिद्ध होताच त्यातील औद्योगिक पट्टा कोठे व किती उरला आहे ते पाहावे, आणि आपली हरकत मुदतीत, लेखी नोंदवावी.