उसना घुमारा

घरी ध्वनिमुद्रित केलेले गाणे ऐकण्याजोगे होत नाही, कारण आपल्यापाशी भारी यंत्रे नाहीत, असा समज आमच्या सोलापुरातील सुशिक्षित कुटुंबांत चांगलाच रुजला आहे. आमच्या मते तो निव्वळ भ्रम आहे. अशी ध्वनिमुद्रणे पैशाच्या अभावी बिघडत नाहीत. कानाच्या आळसाने बिघडतात.

१९०२ साली गाइसबर्गने कलकत्त्यास गौहर जानचे गाणे मुद्रित केले, ते हॉटेलच्या खोलीत, एका कर्ण्यापुढे. विजेवरील ध्वनिमुद्रण १९२५ साली सुरू होईपर्यंत, ज्यास हल्ली मिक्सिंग म्हणतात त्याचा उपाय एकच होता: कोणी कर्ण्याजवळ बसावे, कोणी दूर. पुढे १९८२ साली निघालेला ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘नेब्रास्का’ हा गीतसंग्रहही घरीच, चार ट्रॅकच्या कॅसेट-यंत्रावर मुद्रित झाला होता.

आता आमच्याकडील प्रकार पाहावा. आजी ओव्या म्हणते, काका पेटीवर अभंग गातात, आणि नातू ते मोबाइलवर घेतो. येथवर सर्व ठीक. मग तो त्यावर गाभाऱ्याचा उसना घुमारा चढवितो, तंबोरा पुसून टाकतो आणि तबला गायकाच्या उरावर बसवितो. इतक्यानेही समाधान न झाल्यास स्वर दुरुस्त करणारी युक्ती लावतो. ती प्रत्येक स्वर पेटीच्या बारा पट्ट्यांपैकी एकीवर ओढून बसविते. मग मींड उरत नाही आणि दरबारीचा आंदोलित गंधार खिळ्याने ठोकल्यासारखा निश्चल होतो. यास संस्कार म्हणावयाचे की संहार?

कोणी विचारील, पैशावाचून करावे तरी काय? उत्तर सोपे आहे. पंखा बंद करावा. गायकाच्या मागे व बाजूंस सोलापुरी चादरी चुण्या पाडून टांगाव्या. डग्ग्याचा घुमार त्यांनी आवरत नाही, पण भिंतींचा खणखणाट पुष्कळ कमी होतो. ऑडॅसिटी ही प्रणाली फुकट मिळते. तीत कंठाच्या मुद्रणातील सुमारे ८० हर्ट्झखालचा भाग कापावा. तेथे गाणे फारसे नसतेच, गुरगुर मात्र असते. प्रथम कंठ ठरवावा, मग तंबोरा, शेवटी तबला. दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी पुन्हा ऐकावे. आणि मूळ मुद्रणाची एक प्रत कोणताही हात न लावता जपून ठेवावी.

उत्तम स्टुडिओचे मोल आम्ही नाकारीत नाही. तेथील शांतता घरी क्वचितच लाभते. परंतु पैसे साठेपर्यंत थांबू असे म्हणणाऱ्यांच्या घरातून आजीचा कंठ कायमचा निघून जातो, आणि घाईने घुमारा चढविणाऱ्यांच्या घरात तो असूनही ओळखू येत नाही. यंत्रे उद्याही विकत मिळतील. तो कंठ मात्र आजच आहे तसा मुद्रित करून ठेवला पाहिजे.