घर पाडण्याआधी मोरीचे तोंड बांधा

१५ जून २०२३ रोजी श्री सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी पाहता पाहता भुईसपाट झाली, तेव्हा अवघ्या सोलापूरचे डोळे तिकडे लागले होते. त्या चिमणीवरून झालेला वाद आज उकरून काढण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते निराळेच. जे आकाशात दिसते, ते पाडताना सरकार, पोलीस आणि लोक सारेच जागे असतात. जे जमिनीखाली उरते, त्याची वास्तपुस्त मात्र कोणी करीत नाही. आपल्या पेठांतून जुनी घरे पाडली जातात, त्यांच्या जागी इमले उठतात. परंतु प्रत्येक घराखाली सांडपाण्याची एक नळी असते आणि घर गेले म्हणून ती नळी जात नाही. तिचे तोंड कोणी बांधले काय, हा प्रश्न आम्ही आज नागरिकांपुढे आणि महानगरपालिकेपुढे ठेवीत आहो.

सोलापुरात या प्रश्नास विशेष धार आहे. कसब्यातील वा शुक्रवार पेठेतील जुने घर म्हणजे दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे माळवद. असे घर पाडले की उरतो तो बहुतांशी मातीचाच ढीग. आपल्याकडे पावसाचा खरा जोर सप्टेंबरात असतो. एखादी मोठी सर आली की ही माती वाहू लागते आणि उघड्या नळीत शिरते. उतार जेथे कमी, तेथे ती साचते, आणि गल्लीचे चेंबर तुंबते. मग मैला वर येतो तो पाडणाऱ्याच्या अंगणात नव्हे, कारण त्यास अंगणच उरलेले नसते; तो येतो शेजाऱ्याच्या मोरीत. एकाच्या निष्काळजीपणाची शिक्षा दहा घरांनी भोगावी, हा न्याय नव्हे.

याहून गंभीर गोष्ट पाण्याची. या शहराने कित्येक वर्षे नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने घेतले आहे. जलवाहिनी सदैव भरलेली असली, तर तिच्या फटीतून पाणी बाहेर झिरपते. ती रिकामी झाली, की बाहेरचे पाणी आत ओढले जाते. फुटक्या, बेवारस सांडनळीने भोवतालची जमीन भिजलेली असेल, तर आत काय ओढले जाईल हे सांगण्यास वैद्य नको. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत नाल्याचे सांडपाणी पिण्याचे पाणी उचलण्याच्या ठिकाणी पोहोचले आणि सुमारे २९,३०० माणसांस कावीळ झाली. तो नाला मोठा होता, आमची नळी चार-सहा इंचांची आहे, हे खरे. परंतु मैला आणि पेयजल यांची भेट होऊ नये, हा नियम दोहोंस सारखाच लागू आहे.

आणखी एक बळी या प्रकरणात असतो, आणि त्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. चेंबर तुंबले की कोणा गरिबास आत उतरविले जाते. आतील विषारी वायू एका श्वासात माणसास बेशुद्ध करू शकतो. २०१३ च्या कायद्याने ही प्रथा निषिद्ध ठरविली. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूबद्दलची भरपाई ३० लाख रुपये केली. परंतु भरपाईने माणूस परत येत नाही. चेंबर मुळात तुंबूच न देणे, हाच खरा उपाय होय.

करावयाचे काय, ते अवघड नाही. प्रथम घराचे शेवटचे चेंबर शोधावे. त्याच नळीतून शेजाऱ्याचे पाणी तर जात नाही ना, हे त्याच्या मोरीत रंगीत पाणी ओतून पाहावे. जुन्या वाड्यांच्या वाटण्या झाल्या, पण मोऱ्यांच्या झाल्या नाहीत, असे पुष्कळदा आढळते. जात असेल, तर आधी त्याची सोय करावी. मग नळी हद्दीपाशी कापून तीत घट्ट बूच बसवावे आणि वरून विटा व काँक्रीट भरावे. नळाची जोडणी मूळ वाहिनीपाशीच तोडावी. मैल्याची टाकी असेल, तर ती यंत्राने उपसून मुरमाने भरावी. कोणासही आत उतरवू नये. आणि हे सर्व झाल्यावर, नळी कोठे बंद केली याची नोंद नकाशावर करावी, म्हणजे पुढे बांधणाऱ्यास अंधारात चाचपडावे लागणार नाही.

खर्चाची सबब आम्हांस मान्य नाही. थोड्या विटा, थोडे सिमेंट आणि गवंड्याचा एक दिवस, एवढेच हे काम आहे. ज्या मालकास तेवढेही झेपणार नाही, त्याचे काम पालिकेने करून द्यावे. तुंबलेली गल्ली उपसण्यापेक्षा ते स्वस्तच पडेल. महानगरपालिका अधिनियमाच्या २६४ व्या कलमान्वये धोकादायक इमारत उतरवून घेण्याचा अधिकार आयुक्तांस आहे. त्या नोटिशीतच सांडनळी बंद करण्याची अट असावी. नळी बंद झाल्याचा अभियंत्याचा दाखला मिळाल्यावाचून पहिला घाव पडू नये. इमारत अगदी कोसळण्याच्या बेतात असेल, तर घरात न शिरता बाहेरच्या चेंबरपाशी तोंड बांधता येते. आणि जेथे पालिका स्वतःच पाडकाम करते, तेथे तिने हा नियम प्रथम स्वतःस लावावा.

घर बांधताना आपण पायाची पूजा करतो. ते उतरविताना त्याच्या मोरीचे तोंड बांधणे, हे शेजारधर्माचे शेवटचे कर्तव्य आहे. ते ज्याचे त्याने पार पाडावे, आणि पार पडले की नाही हे पालिकेने डोळ्यांनी पाहावे, एवढेच आमचे मागणे आहे.