घर बघायला आपला एक माणूस न्या



आमच्या जाऊबाईंनी मार्चमध्ये पुण्यात फ्लॅटचा ताबा घेतला. भिंती पांढऱ्याशुभ्र, फरशी चकचकीत. आषाढात पाऊस लागला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला, नेमकी धान्याच्या कपाटामागे, ओल आली. आधी बुरशी, मग बारीक किडे. पेस्ट कंट्रोलवाला म्हणाला, फवारणी करून टाकू. फोनवर वहिनी रडल्याच. "एवढं कर्ज काढून घर घेतलं आणि पहिल्या चातुर्मासात घरात फवारणी करायची?"

आपण घर घेताना काय बघतो? मंदिर किती लांब, शेजार कसा, वास्तू बरोबर आहे का. वास्तूवाल्याला आनंदाने पैसे देतो. ओल, उतार, अर्थिंग तपासणाऱ्याला द्यायचे म्हटले की मात्र "बँकेचा माणूस येऊन गेलाय की" म्हणतो. अहो, तो व्हॅल्युअर! तो बँकेसाठी घराची किंमत काढतो. बाथरूमचं पाणी जाळीकडे जातं की दाराकडे, हे बघणं त्याचं काम नाही. वकील कागद बघतो, भिंत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, तपासणीसाठी आपला माणूस न्यावा, आणि तो आपणच शोधावा. एजंटने किंवा बिल्डरने सुचवलेला नको. तो वाईटच असेल असं नाही, पण ज्याच्याकडून त्याला पुढची कामं मिळायची आहेत त्याच्याविरुद्ध तो किती बोलणार? पुण्या-मुंबईत हे काम करणाऱ्या कंपन्या आहेत. सांगली-कोल्हापूरकडे एखादा अनुभवी सिव्हिल इंजिनिअर गाठावा. निवृत्त असेल तर उत्तमच, त्याला वेळही असतो आणि भीडही कमी.

त्याला आधी एवढंच विचारा: पूर्वीच्या एखाद्या तपासणीचा अहवाल, नाव-पत्ता झाकून, दाखवता का? त्यात फोटो असावेत, कुठल्या खोलीत कुठल्या भिंतीला काय, हे लिहिलेलं असावं. "सर्वसाधारण स्थिती चांगली" एवढंच लिहिणारा आपल्या कामाचा नाही. ओल मोजायचं यंत्र आणतो का? डोळ्यांना कोरडी दिसणारी भिंत त्यावर पकडली जाते. फरशी ठोकून बघतो का? खाली पोकळ असेल तर आवाज वेगळा येतो, हे आपणही नाण्याने करून बघू शकतो. काय तपासणार नाही हेही त्यानेच सांगितलं पाहिजे. आणि वॉटरप्रूफिंगचा धंदा त्याचाच असेल तर सावध राहा, त्याला प्रत्येक भिंतीत ओल दिसेल.

तपासणीच्या वेळी तुम्ही स्वतः हजर राहा. पुरुषांवर सोडू नका. मोरीचा उतार आणि ओट्यामागची भिंत आपल्याइतकी कोण वापरतं? शक्य असेल तर पावसाळ्यात एक फेरी माराच.

जुन्या इमारतीत घर घेत असाल तर सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर ३ वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. सेक्रेटरी टाळाटाळ करायला लागले तर तेही एक उत्तरच समजा.

नव्या घराला रेराचा आधार आहे. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. पण तक्रार तोंडी नको, लेखी द्या, फोटो जोडा.

वहिनींनी तेच केलं. आता भिंत उकरून बाथरूमचा पाइप बदलण्याचं काम सुरू आहे, आणि धान्याचे डबे सगळे हॉलमध्ये सोफ्यावर मांडलेले आहेत.